पाऊणकीची भरती

माझी शाळा ज्या गावात आहे त्या गावाला तीन बाजूंनी पाणी आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि तिसऱ्या बाजूला खाडी समुद्राला मिळते ती जागा. चौथ्या बाजूने एक रस्ता येतो आणि त्या रस्त्याने संध्याकाळी साडेपाचला शेवटची एसटी निघून जाते. ती चुकली की सकाळपर्यंत तुम्ही गावाचे. मी सात वर्षांपासून गावाचाच आहे.

मी बांद्याकडचा माणूस. आमच्याकडे काजूचे डोंगर, भाताचे मळे आणि पावसाळ्यात चार महिने वाहणारा एक ओहोळ. एवढंच पाणी मला ठाऊक. पोहता येत नाही, मासे फारसे आवडत नाहीत, आणि खोलीच्या खिडकीतून दिवसभर लाटांचा आवाज ऐकून डोकं उठतं. मुंबईचे पाहुणे येतात आणि म्हणतात, "सर, तुमची काय मजा आहे, रोज समुद्र!" मी हसतो. त्यांना दोन दिवसांनी परत जायचं असतं.

बदलीचा अर्ज मी दरवर्षी भरतो. पसंतीक्रमात वरपासून खालपर्यंत सगळी डोंगराकडची गावं लिहितो. दरवर्षी यादी लागते, मी ती मोबाईलवर दोनदा वर-खाली करून बघतो आणि मोबाईल उशीखाली ठेवून देतो. पहिल्या वर्षी घरी फोन करून सांगितलं होतं. आता घरचेही विचारत नाहीत.

शाळा पहिली ते सातवी, शिक्षक दोन. पहिली ते चौथी एका बाईंकडे आणि पाचवी ते सातवी माझ्याकडे. माझी तिन्ही इयत्तांची मुलं मिळून अकरा. एकाच खोलीत पाचवीला अपूर्णांक, सहावीला इतिहास आणि सातवीला बीजगणित शिकवायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. मी चिडका होत चाललो होतो. आधीही फार गोड नव्हतो, पण इथे येऊन जास्त झालो, हे मला मान्य आहे.

या चिडीतूनच तो खेळ निघाला. एका प्रशिक्षणात माझ्या शेजारी अलिबागकडचे एक शिक्षक बसले होते. कृतीतून शिक्षण, खेळातून शिक्षण असं पुढे पडद्यावर चाललं होतं आणि आम्ही दोघं मागे जांभया देत होतो. जेवणाच्या सुट्टीत ते म्हणाले, "अहो, तुम्ही समुद्राकाठी आहात, मग तिथीची पाऊणपट घ्यायला शिकवा की. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं." मी जेवणाच्या ताटाशेजारीच ते वहीत उतरवून घेतलं.

कुठल्याशा उद्घाटनाचा जुना फ्लेक्स होता. तो उलटा करून त्याच्या पांढऱ्या बाजूवर समुद्र, खाडी, धक्का आणि खाडीच्या तोंडावरची वाळूची रेव रंगवली. नारळाच्या करट्यांच्या होड्या केल्या, प्रत्येकाला एक. लग्नपत्रिका कापून पत्ते केले, त्यांच्या पाठीवर तिथ्या लिहिल्या, आणि पुठ्ठ्याचं एक मोठं घड्याळ केलं. मुलाने पत्ता उचलायचा, तिथीची पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणायची, घड्याळाचे काटे भरतीवर लावायचे. बरोबर आलं तर त्याची होडी रेव ओलांडून धक्क्याला. चुकलं तर होडी रुतली. होडी रुतली की मुलानेही रुतायचं. वर्गाच्या कोपऱ्यात मी चुन्याने एक गोल काढला होता, त्याचं नाव रेव. त्या गोलात मांडी घालून बसायचं आणि दुसऱ्या कुणाचं बरोबर उत्तर आलं की सुटायचं.

मुलं वेडी झाली. मधल्या सुट्टीत बाहेर जाईनात. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा असं सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा आणि शेजारच्या खोलीतल्या बाई दार लोटून घ्यायच्या. ज्या पोरांना पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश हे मी दोन वर्षं सांगत होतो, त्यांना चार दिवसांत पाऊणकी पाठ झाली. मला इतका आनंद झाला की त्या आठवड्यात मी कुणावर ओरडलो नाही.

ओरडलो नाही म्हणजे एक मुलगी सोडून कुणावर नाही.

ती सातवीतली. तिची आई ओहोटीला खडपांवर जाऊन कालवं, म्हणजे दगडाला चिकटलेले शिंपले, काढते. खडप म्हणजे किनाऱ्यापासून थोडं आत असलेलं काळ्या दगडाचं बेट. पाणी उतरलं की मधली वाळूची वाट उघडी पडते, पाणी चढलं की बंद होते. ही मुलगी शाळेआधी आईबरोबर जायची, त्यामुळे कधी कधी उशिरा यायची आणि तिच्या गणवेशाच्या कडा ओल्या असायच्या. बोलायची कमी. विचारलं तर उत्तर द्यायची, पण उत्तर देताना माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघायची, आणि मला त्याचाच राग यायचा.

पहिल्या दिवशी तिने पंचमीचा पत्ता उचलला. पाऊणकी म्हटली नाही. थोडा विचार केला आणि म्हणाली, "पावणेतीन."

"पाच पाऊण किती?" मी विचारलं.

"पावणेचार."

"मग पावणेतीन कुठून आणलंस?"

तिने खिडकीकडे बघितलं. मी रेवेकडे बोट दाखवलं. ती जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी अष्टमी. बाकीच्यांनी आधीच "सहा, सहा" सुरू केलं होतं. ती म्हणाली, "पाच." रेव. तिसऱ्या दिवशी तीज आली, तिने सव्वा सांगितलं. रेव. मी म्हणालो, "तुला एक तास कमी करायची सवयच लागली आहे का?" सगळे हसले. मीसुद्धा हसलो. तो विनोद मला इतका आवडला की पुढचे दोन आठवडे मी तोच करत होतो. ती गोलात बसलेली असायची, दुसऱ्याचं उत्तर बरोबर आलं की उठायची, पत्ता उचलायची आणि परत गोलात जायची. एकदा तर तिने पत्ता वाचला आणि उत्तर न देताच जाऊन बसली. मी म्हणालो, शहाणी झालीस, वेळ वाचवलास.

आज मला कळतं ते तेव्हा कळायला हवं होतं. जो माणूस चुकतो तो कधी अर्ध्या तासाने चुकतो, कधी तीन तासांनी. ही मुलगी दर वेळी बरोबर एका तासाने चुकत होती. गणित शिकवणाऱ्या माणसाला यावरून तरी शंका यायला हवी होती. मला आली नाही, कारण उत्तर माझ्या वहीत होतं.

जानेवारीच्या शेवटी तिची आई शाळेत आली. दाराबाहेर उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना, कारण लुगड्याचा घोळ ओला होता आणि मी नुकतीच खोली झाडून घेतली होती. हातातला स्टीलचा डबा तिने उंबऱ्यावर ठेवला. त्यात सोललेली कालवं होती. मला कालवं आवडत नाहीत हे मी सात वर्षांत कुणाला सांगू शकलेलो नाही.

"सर, एक इचारूचा होता," ती म्हणाली. "ह्या वर्साक हिची सातवी संपता. फुडे हायस्कुलात धाडूची तर रोजची एसटी, डबो, सगळा इला. घरात मी एकटीच. तुमीच सांगा, हिका फुडे शिकवया काय माझ्यावांगडा कालवांक न्हेव? हिच्या डोक्यात काय शिरता काय?"

माझ्यासमोर पाचवीच्या वह्यांचा गठ्ठा होता. घड्याळात पाच वाजून गेले होते, मला जोडून आलेल्या सुट्टीसाठी घरी जायचं होतं आणि साडेपाचची गाडी पकडायची होती. मी ऑफिसात बोलतात तशा मराठीत म्हणालो, "गणितात फारच कच्ची आहे. समजून घेण्याची तयारी नाही. हायस्कूलला झेपेल असं मला वाटत नाही. अर्थात निर्णय तुमचा."

"तुमका म्हायत," ती म्हणाली. "आमका त्यातला काय कळता?"

मला एसटी मिळाली. खिडकीची जागाही मिळाली.

फेब्रुवारीत केंद्रप्रमुख शाळेला भेट द्यायला आले. मुलांनी फ्लेक्सभोवती बसून धडाधड तिथ्या सांगितल्या. साहेब खूश. म्हणाले, शिक्षकांनी स्वतः केलेल्या शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन आहे, त्यासाठी या खेळाचा व्हिडिओ करून पाठवा. "आणि गुरुजी, नुसता वर्गातला नको. प्रत्यक्ष समुद्रावर घ्या. मुलं वेळ सांगतायत आणि मागे पाणी, असं. लोक बघत राहतील." त्या दिवशी ती मुलगी आलेली नव्हती, याचं मला बरंच वाटलं होतं.

मी तिथी बघून शनिवार निवडला. शनिवारी सकाळची शाळा असते, आणि त्या शनिवारी तीज होती. तीन पाऊण सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती म्हणजे सकाळी सव्वाआठला पूर्ण ओहोटी. आठच्या आत खडपावर पोचायचं, तास-सव्वा तास चित्रीकरण करायचं, सव्वानऊला परत निघायचं. वाट पावणेदहापर्यंत उघडी राहणार. मी हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवला आणि मुलांकडून म्हणून घेतला. अकराही जणांनी म्हटला.

कुणाची परवानगी घेतली नाही. शेजारच्या बाईंना म्हटलं, परिसर भेट आहे.

पावणेआठला आम्ही वाळूच्या वाटेवरून खडपाकडे निघालो. मी बूट हातात घेतले होते, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. वाळू घट्ट, ओली, मध्येच टाचभर पाणी. मला भीती वाटत होती, पण ती मी मुलांना दिसू दिली नाही. उलट मोठ्या आवाजात शिकवत चाललो. "बघा, अजून अर्धा तास पाणी उतरत राहणार. उतरतंय की नाही?"

"होय सर," सगळे म्हणाले.

खडपावर चढलो. मी मुलांना एका रांगेत उभं केलं, प्रत्येकाच्या हातात एक पत्ता दिला आणि मोबाईल धरला. मुलं पत्ता वर करायची, पाऊणकी म्हणायची, वेळ सांगायची. वारा होता, आवाज नीट येईना, म्हणून दुसऱ्यांदा घेतलं. मग एक मुलगा मध्येच शिंकला म्हणून तिसऱ्यांदा. त्या मुलीला मी रांगेच्या टोकाला उभं केलं होतं आणि पत्ता दिला नव्हता. व्हिडिओ बिघडायला नको म्हणून. म्हटलं, तू नुसती उभी राहा.

नऊला दहा मिनिटं कमी असताना एक मुलगा म्हणाला, "सर, पाणी भरता."

"भरणारच. सव्वाआठला ओहोटी संपली. पण आपल्याला पावणेदहापर्यंत..." असं म्हणत मी मागे वळलो.

वाट नव्हती. जिथून आम्ही चालत आलो होतो तिथे पाणी होतं, आणि ते उभं पाणी नव्हतं, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ओढ घेऊन चाललेलं होतं. पलीकडे किनारा तसाच होता, माड तसेच होते, शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. मी घड्याळात बघितलं. मग मोबाईलच्या घड्याळात बघितलं. दोन्ही सारखीच वेळ दाखवत होती. मी मनातल्या मनात तीन पाऊण सव्वादोन असं पुन्हा म्हटलं. उत्तर बरोबरच होतं.

त्या दोन-तीन मिनिटांत माझं काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. माझी पाचावर धारण बसली. अकरा मुलं आणि मी एक, आणि त्या बारा जणांत पोहता न येणारा बहुधा मी एकटाच. तरी जबाबदार मीच. खडपाच्या कडेच्या दगडावर मी पाय ठेवला होता तो ओला झाला म्हणून काढून वर घेतला, आणि पुन्हा ओला झाला म्हणून आणखी वर. मला घरचा ओहोळ आठवला, आई आठवली. रागही आला. त्या अलिबागकराचा, साहेबांचा, बदलीच्या यादीचा, या गावाचा. इथेच मरायचं होतं तर सात वर्षं अर्ज कशाला भरले, असंही मनात आलं. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी काय सांगतो याची वाट बघत होती.

तेव्हा रांगेच्या टोकाची ती मुलगी पुढे आली. मला नाही, मुलांना म्हणाली, "चपला घाला सगळ्यांनी. कालवां पाय कापतत." मग माझ्या हातातल्या बुटांकडे बघून म्हणाली, "सर, तुमी पण."

मी खाली बसून बूट घातले. नाड्या बांधायला बोटं वळेनात. तिने बघितलं, वाकली आणि दोन्ही नाड्या बांधल्या.

"सरळ जाव नकात," तिने सांगितलं. "मधी खोल आसा. उजव्या अंगान येवा, दगडावरसून. मी पाय ठेवतंय थंयच ठेवा. हात सोडू नकात." मग सातवीतल्या दुसऱ्या मुलाला तिने शेवटी उभं केलं, पाचवीतल्या लहानांना एकाआड एक मोठ्यांच्या मध्ये घातलं, आणि माझ्याकडे बघून क्षणभर थांबली. "सरांका मधी घेवा," ती म्हणाली.

म्हणजे मी लहानांत गेलो. एका हाताला पाचवीतली एक मुलगी, दुसऱ्या हाताला सहावीतला एक मुलगा. पाणी मांडीपर्यंत आलं, एका ठिकाणी कमरेपर्यंत. लहानांच्या छातीपर्यंत. पायाखाली दगड होते आणि त्यांच्या धारा बुटातूनही कळत होत्या. लाट आली की पुढून ती ओरडायची, "थांबा," आणि आम्ही थांबायचो. "आता," म्हणाली की चालायचो. मी दुसरं काहीही ऐकत नव्हतो. त्या "थांबा" आणि "आता" यांच्यामध्ये मी किती वेळ होतो ते मला आजही सांगता येणार नाही. सहावीतला मुलगा मला म्हणाला, "सर, हात जरा ढिलो सोडा, दुखता."

किनाऱ्यावर तिची आई उभी होती. कालवांची टोपली वाळूत ठेवलेली, कोयती हातात. ती आमच्या आधीच खडपावरून परतली होती, दुसऱ्या टोकाने, आणि आम्हाला आत बघून तिथेच थांबली होती. तिने हाक मारली नव्हती. नंतर म्हणाली, हाक मारली असती तर पोरं सरळ धावली असती. मला बघून तिने एवढंच म्हटलं, "सर, आज तीज. आज सव्वासातापासून पाणी भरता. हय पाणी तासभर आदी येता, मुंबयसारखा नाय."

मी वाळूत बसलो होतो. मुलं मोजली, अकरा होती. पुन्हा मोजली. मुलांना "घरी कुणाला सांगू नका" असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, हेही लिहून टाकतो. समोर तिची आई नसती तर मी म्हटलंही असतं.

त्याऐवजी मी त्या मुलीवर चिडलो. जिने वाचवलं तिच्यावरच. ऑफिसातली मराठी केव्हाच वाहून गेली होती, मी आमच्या घरच्या बोलीत ओरडलो, "गो, तुका जर म्हायत होता, तर तू माका सांगूक नाय कित्याक?"

ती आईच्या टोपलीशेजारी उभी राहून फ्रॉकची कड पिळत होती. या वेळी तिने खिडकीकडे बघितलं नाही, कारण तिथे खिडकी नव्हती. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगललंय, सर. धा वेळा सांगललंय. तुमी माका रेवेत बसयलात."

तिच्या आईने आधी तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. काय प्रकार आहे ते तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

सोमवारी शाळेत गेलो तेव्हा गावातल्या प्रत्येकाला सगळं कळलेलं होतं. कुणी भांडायला आलं नाही. शाळा समितीचे अध्यक्ष आले, चहा घेतला, आणि जाता जाता म्हणाले, "गुरुजी, दर्याकडे आता नको हां." त्यांनी भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी वर्गातला चुन्याचा गोल ओल्या फडक्याने पुसला. पूर्ण गेला नाही, अजूनही कोपऱ्यात बघितलं तर दिसतो. मग मुलांना विचारलं, "शनिवारी जाताना मी म्हटलं पाणी उतरतंय, आणि तुम्ही सगळे होय म्हणालात. तुम्ही समुद्रावरची मुलं. पाणी चढत होतं ते तुम्हाला दिसत नव्हतं का?"

"दिसत होता," एक म्हणाला.

"मग?"

मग पाचवीतल्या एका मुलीने, मलाच काहीतरी समजावून सांगावं तसं सांगितलं, "सर, ती शाळेची भरती. दर्याची वेगळी आसता."

बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांच्या दृष्टीने यात विशेष काहीच नव्हतं. शाळेतलं उत्तर शाळेत द्यायचं आणि घरी गेल्यावर पाणी बघून होडी काढायची, हे ती पहिलीपासून करत आली होती. करट्यांच्या होड्या, पुठ्ठ्याचं घड्याळ, कृतीतून शिक्षण, हे सगळं करून मी त्यांना शाळेची आणखी एक गोष्ट पाठ करून दिली होती. फक्त एका मुलीने दोन्ही भरत्या एकच आहेत असं धरलं होतं, आणि तिला मी गोलात बसवलं होतं.

मी फळ्यावर नियम दुरुस्त केला. तिथीची पाऊणपट, वजा एक तास. मुलांनी तो लिहून घेतला. एकाने हात वर केला, "सर, परीक्षेक ह्या लिवचा काय आदीचा?"

व्हिडिओ मी पाठवला नाही. मोबाईलमध्ये आहे. अडीच मिनिटांचा. दहा मुलं पत्ते वर धरून मोबाईलकडे बघतायत आणि वेळा सांगतायत, सगळ्या चुकीच्या, अगदी खणखणीत आवाजात. टोकाला ती, हातात पत्ता नाही, मान मागे वळवून वाळूच्या वाटेकडे बघते आहे. पूर्ण अडीच मिनिटं ती तिकडेच बघते आहे. मी ते कितीदा बघितलंय ते सांगत नाही.

एप्रिलमध्ये निकालाच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. जायचं जायचं म्हणत दोन महिने काढले होते. दोघी मायलेकी पडवीत बसून कालवं फोडत होत्या. मला खुर्ची दिली. मी आल्या आल्या बोलून टाकलं, नाहीतर बोलता आलं नसतं. म्हणालो, "मी जानेवारीत तुम्हाला सांगितलं ते चूक होतं. ही गणितात कच्ची नाही. कच्चा मी होतो. हिला हायस्कूलला पाठवा. प्रवेशाचं, पासाचं मी बघतो."

तिची आई कोयती थांबवून म्हणाली, "माझा काय नाय, सर. तुमी म्हणालास तेवा मी हिका सांगलंय, सर नको म्हणतत. हिणा आयकल्यान. तेच्याफुडे तीच म्हणता माका येणा नाय, मी जाणय नाय. आता तुमीच इचारा हिका."

मी मुलीकडे वळलो. तिने हातातलं कालव फोडलं, आतलं मांस डब्यात टाकलं, शिंपला ढिगावर टाकला, आणि दुसरं उचललं. मी वाट बघत राहिलो. वर्गात पत्ता उचलल्यावर तिला काय वाटत असेल ते त्या खुर्चीवर बसून मला कळलं.

"सर," तिने विचारलं, "थंय हायस्कुलात खंयची भरती आसतली? शाळेची की दर्याची?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिथे शिक्षक चांगले आहेत, प्रयोगशाळा आहे, असं काहीतरी सांगता आलं असतं. पण खडपावर तिने माझ्या नाड्या बांधल्या होत्या.

"शाळेचीच," मी म्हणालो.

तिने मान हलवली. अपेक्षेप्रमाणेच उत्तर आलं होतं बहुतेक. कालवाच्या सांध्यात कोयतीचं टोक घालून ती थोडा वेळ विचार करत राहिली, पत्ता उचलल्यावर करायची तसा.

"मगे जातंय," ती म्हणाली. "एक तास वाढवन सांगतलंय."

तिची आई हसली. मुलगी शहाणी झाली म्हणाली, आणि मला देण्यासाठी कालवांचा डबा भरू लागली. मी नको म्हणालो नाही. तो डबा मांडीवर धरून मी बराच वेळ त्या खुर्चीत बसून होतो.